सप्तपदीअभावी निर्दोष: कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका द्विविवाह खटल्याचा अभ्यास

पहिली बायको हयात आहे, घटस्फोट झालेला नाही, आणि नवऱ्याने दुसरं लग्न केलं. पत्रिका छापल्या, मांडव घातला, वरात निघाली, गावजेवण झालं. पुढे त्या संसारात मूल जन्माला आलं आणि जन्मदाखल्यावर बाप म्हणून याचंच नाव लागलं. एवढं सगळं न्यायालयासमोर आलं, तरी नवरा निर्दोष सुटला. निकालपत्रातलं कारण थोडक्यात असं होतं: दुसऱ्या लग्नात होम आणि सप्तपदी झाल्याचं फिर्यादीने संशयापलीकडे सिद्ध केलेलं नाही.

या खटल्यात फिर्यादी बाईच्या बाजूने मी काम पाहिलं. तिचं नाव, गाव, कोर्ट इथे देत नाही आणि ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. फौजदारी न्यायालयावर धर्मशास्त्राचा प्रभाव असावा का, ही चर्चा आपल्याकडे निघाली की उदाहरणं दुसऱ्या देशातली किंवा दुसऱ्याच्या धर्मातली दिली जातात. प्रत्यक्षात तो प्रभाव आपल्या तालुक्याच्या कोर्टात, साध्या शेतकरी घरातल्या प्रकरणात, रोजच्या कामकाजाचा भाग होऊन बसला आहे. तो तिथे नसावा असं माझं ठाम मत आहे, आणि ते या एका प्रकरणाच्या आधारे मांडते.

काय घडलं

नवरा एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीत मोल्डिंगला, घरची थोडी ऊसशेती. पहिली मुलगी झाली, दुसरीही मुलगीच झाली. दुसऱ्या बाळंतपणाला बाई माहेरी आली, तिला परत न्यायला कुणी आलं नाही. बारशाला सासरचं माणूस फिरकलं नाही. भावाने दोन-चारदा चार मोठी माणसं नेऊन बोलणी केली. दर वेळी ‘ऊस गेला की बघू’, ‘दिवाळी झाली की बघू’ एवढंच उत्तर. मग एके दिवशी चुलतभावाला कुणाच्या तरी व्हॉट्सॲप स्टेटसवर फोटो दिसला. अंतरपाट धरलेला, आणि एका बाजूला मुंडावळ्या बांधून तिचा नवरा उभा.

पोलीस ठाण्यात एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, करून घेतली आणि ‘कोर्टात खाजगी फिर्याद करा’ असं सांगितलं. कायद्याने ते बरोबरच होतं. द्विविवाह हा भारतीय दंड संहितेच्या कलम ४९४ खालचा गुन्हा, शिक्षा सात वर्षांपर्यंत. १ जुलै २०२४ पासून तोच भारतीय न्याय संहितेच्या कलम ८२ मध्ये आला आहे, पण हे लग्न त्याआधीचं असल्याने जुना कायदा लागू होता. शिक्षा एवढी मोठी असूनही गुन्हा अदखलपात्र आहे. पोलीस आपणहून तपास करत नाहीत. बायकोने, किंवा तिच्या वतीने आईवडील, भाऊ-बहीण यांसारख्या जवळच्या नातलगाने थेट न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे जायचं. म्हणजे ज्या लग्नाला तिला बोलावणं असणं शक्यच नव्हतं, त्या लग्नाच्या बोहल्यावर काय काय झालं याचा पुरावा तिनेच गोळा करायचा. तोही माहेरी राहून, दोन लेकरं सांभाळून, दूध संस्थेला सकाळ-संध्याकाळ दूध घालून.

साक्षी

आधी पहिलं लग्न सिद्ध करावं लागलं, कारण पहिलंच कायदेशीर नसेल तर दुसऱ्याचा प्रश्न येत नाही. आरोपीच्या वकिलांनी तिथेही होम आणि सप्तपदीचाच मुद्दा काढला. सुदैवाने तिच्या आईने अल्बम ट्रंकेत नीट जपून ठेवला होता. त्यात सुपाऱ्यांवरून पावलं टाकतानाचा फोटो मिळाला आणि लग्न लावणारे भटजीही साक्षीला आले. तो फोटो नसता तर खटला तिथेच संपला असता.

दुसऱ्या लग्नाच्या साक्षींत सगळं फसलं. ज्या गावात लग्न लागलं तिथला एक गृहस्थ धीर करून साक्षीला उभा राहिला. पत्रिका आली म्हणून लग्नाला गेलो, हाच तो नवरदेव, असं त्याने कोर्टात बोट दाखवून सांगितलं. उलटतपासणी साधारण अशी झाली:

‘अक्षता पडल्यावर कुठे गेलात?’

‘जेवायला. पंगत बसली हुती.’

‘होम पेटवलेला पाहिलात?’

‘धूर दिसत हुता.’

‘तो धूर होमाचा की चुलवणाचा?’

‘ते आता कसं सांगू?’

‘नवरा-नवरी सात पावलं चालताना पाहिलंत?’

‘न्हाई.’

आपल्याकडच्या कुठल्याही लग्नाला गेलेल्या माणसाने हेच सांगितलं असतं. शेवटची मंगलाष्टका संपते, अक्षता पडतात, वाजंत्री वाजतं आणि अर्धा मांडव पंगतीकडे वळतो. होम, कन्यादान, सप्तपदी हे नंतर चालतं, तेव्हा बोहल्याजवळ भटजी, नवरा-नवरीचे आईबाप, मामा आणि फोटोवाला एवढीच माणसं उरतात. त्यातले आईबाप आणि मामा या खटल्यात गुन्ह्याला साहाय्य केल्याचे आरोपी होते. स्वतःविरुद्ध साक्ष देण्याची सक्ती त्यांच्यावर करता येत नाही, आणि तशी ती करताही कामा नये. फोटोवाल्याने कार्ड पुसलं गेल्याचं सांगितलं. भटजींना आम्ही मुद्दाम आरोपी केलं नव्हतं. ते म्हणाले, ‘मी मंगलाष्टका म्हटल्या. बाकीचे विधी आम्ही घरी करून घेऊ असं मुलाकडचे म्हणाले, म्हणून मी निघालो.’

त्या वाक्यावर आरोपीच्या वकिलांनी एकही प्रश्न विचारला नाही. दुसऱ्या लग्नात सप्तपदी टाळली की कलम ४९४ लागत नाही, हे कोर्टाच्या आवारात सर्वांना ठाऊक आहे. ज्यांना दुसरं लग्न करायचं असतं त्यांनाही ते कुणीतरी सांगतंच.

आरोपीने काडीमोडाचाही बचाव घेतला होता. पंचांसमोर स्टॅम्पपेपरवर फारकत झाली आणि आमच्या समाजात तशी रूढी आहे, असं त्याचं म्हणणं. हिंदू विवाह कायद्याच्या कलम २९ने रूढीने होणारा घटस्फोट राखून ठेवला आहे, पण रूढी सिद्ध करण्याची जबाबदारी ती सांगणाऱ्यावर असते. कागदावर बाईची सही नव्हती आणि पंचांच्या जबाबात मेळ नव्हता. तो बचाव टिकला नाही. म्हणजे लग्न मोडलेलं नव्हतं हे न्यायालयाने मान्य केलं. तरीही तो सुटला.

१९६५चा निकाल

न्यायदंडाधिकाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यांच्यापुढे सर्वोच्च न्यायालयाचा भाऊराव शंकर लोखंडे विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा १९६५चा निकाल होता आणि तो पाळणं त्यांना बंधनकारक आहे. ते प्रकरणही आपल्याच राज्यातलं. १९५६ मध्ये लग्न झालेल्या माणसाने फेब्रुवारी १९६२ मध्ये गांधर्व पद्धतीने दुसरं लग्न केलं. पाट मांडले, तांब्यावर नारळ ठेवून पूजा केली, हार घातले, दोघांची डोकी एकमेकांना टेकवली. खालच्या न्यायालयांनी शिक्षा दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. सर्वोच्च न्यायालयाने मात्र रद्द केली. हिंदू विवाह कायद्याच्या कलम १७ मध्ये दुसरा विवाह विधिवत झालेला असला पाहिजे असं आहे, विधिवत म्हणजे योग्य त्या संस्कारांसह, आणि धर्मशास्त्राप्रमाणे पवित्र अग्नीपुढचा होम व सप्तपदी हे आवश्यक संस्कार, असा त्या निकालाचा गाभा. हे संस्कार रूढीने वगळले गेले असतील तर तशी रूढी दाखवा. ती दाखवता आली नव्हती.

पुढे १९६६ मध्ये कंवल राम प्रकरणात आरोपीची नुसती कबुलीही लग्नाचा पुरावा म्हणून पुरत नाही असं ठरलं. आमच्याकडचा जन्मदाखला आणि रेशनकार्ड या निकालामुळेच निरुपयोगी झाले. आणि एप्रिल २०२४ मध्ये डॉली राणी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सांगितलं की विधींशिवाय नुसत्या नोंदणीच्या दाखल्याने हिंदू विवाह होत नाही. त्या प्रकरणात कुणावर गुन्हा नव्हता, दोघांनाही तो कागदी विवाह नकोच होता. पण जुना निकाल कालबाह्य झाला असं आता कोणत्याही खालच्या कोर्टाला म्हणता येणार नाही.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या जिन्यात बाईने मला विचारलं, ‘मॅडम, अक्षता पडल्या की लगीन लागलं म्हणत्यात समदी. मग कोर्टात कसं लागत न्हाई?’ कलमांत सांगण्यासारखं उत्तर माझ्याजवळ होतं. तिला पटेल असं नव्हतं.

गुन्हा कशात आहे?

माझ्या मते सगळा घोळ एका प्रश्नाची जागा दुसऱ्याने घेतल्यामुळे झाला आहे. ‘हे दोघे नवरा-बायको आहेत का?’ हा दिवाणी प्रश्न आहे. वारसा, मालमत्ता, दर्जा यांसाठी तो विचारावा लागतो आणि तिथे त्या समाजाचे विधी, रूढी पाहणं स्वाभाविक आहे. ‘या माणसाने बायकोचा विश्वासघात करून, चारचौघांत दुसरीला बायको म्हणून उभं केलं का?’ हा फौजदारी प्रश्न आहे, आणि त्याच्या उत्तरासाठी किती पावलं टाकली हे मोजण्याची गरज नाही. दुसरा विवाह कायद्याने तसाही शून्यच असतो. सातवं पाऊल टाकलं तरी शून्य, नाही टाकलं तरी शून्य. जे मुळात अस्तित्वात येणारच नाही, ते धर्मशास्त्राप्रमाणे पूर्ण झालं होतं का, हे तपासून आपण माणसाला तुरुंगात पाठवायचं की घरी हे ठरवतो आहोत.

दुसरीकडे आपल्याच कायद्याने हा आग्रह सोडलेला आहे. २०१९च्या मुस्लिम महिला कायद्यात एका दमात दिलेला तिहेरी तलाक शून्य ठरवला, त्याने लग्न मोडत नाही असं म्हटलं, आणि तरीही तो उच्चारणं हा तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा केला. शून्य कृतीलाही शिक्षा होऊ शकते हे संसदेने स्वतःच मान्य केलं. मग हिंदू नवऱ्याने मांडव घालून केलेली शून्य कृती मोकळी का? त्याच कलम ४९४ खाली मुस्लिम नवऱ्याचं दुसरं लग्न गुन्हा ठरत नाही, कारण त्याच्या व्यक्तिगत कायद्यात ते शून्य नाही. मुस्लिम बायकोने नवरा असताना दुसरं लग्न केलं तर मात्र तो गुन्हा. एकच कलम, पण ते कुणाला लागणार आणि कुणाला सोडणार हे धर्मग्रंथ ठरवतात. तिन्ही ठिकाणी किंमत मोजते ती बाईच, म्हणून हा एका धर्माविरुद्धचा मुद्दा नाही.

न्यायालयांनीही काही ठिकाणी वेगळी वाट धरली आहे. १९९५ मध्ये सरला मुद्गल आणि २००० मध्ये लिली थॉमस या प्रकरणांत, धर्मांतर करून दुसरं लग्न करणाऱ्या हिंदू नवऱ्याला कलम ४९४ मधून सुटका नाही असं सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं. २००४ मध्ये रीमा अगरवाल प्रकरणात विवाहितेच्या छळाचं कलम ४९८-अ पुढे होतं. आमचं लग्नच कायदेशीर नव्हतं म्हणून मी ‘नवरा’ नाही, हा बचाव न्यायालयाने फेटाळला. छळाच्या गुन्ह्यात जो नवरा ठरतो, तोच द्विविवाहाच्या गुन्ह्यात नवरा ठरत नाही, हे माझ्या अशिलाला कोणत्या तोंडाने समजवायचं?

दुसऱ्या बाजूचं म्हणणं

लोखंडे निकालाच्या बाजूने एक मुद्दा खरोखर वजनदार आहे. फौजदारी कायदा काटेकोर वाचायचा असतो. शब्दांत नसलेला गुन्हा न्यायाधीशाने दयेपोटी तयार केला, तर उद्या तीच मोकळीक निरपराधाविरुद्ध वापरली जाईल. कलम १७ मध्ये ‘विधिवत’ असं असेल तर न्यायालय ते खोडू शकत नाही. हे मला पूर्ण मान्य आहे. म्हणूनच मी हे न्यायाधीशांकडे मागत नाही. ते विधिमंडळाचं आणि संसदेचं काम आहे.

आणखी एक भीती सांगितली जाते की विधींची अट काढली तर नुसतं एकत्र राहणारेही गुन्हेगार ठरतील. तसं होऊ नये. व्यभिचाराचं कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द केलं ते योग्यच केलं, सज्ञान माणसांच्या घरात पोलिसांचं काम नाही. पण पत्रिका छापून, मंगलाष्टका म्हणून, चारशे लोकांसमोर मंगळसूत्र बांधणं म्हणजे नुसतं एकत्र राहणं नव्हे. तो लग्नाचा जाहीर समारंभ आहे, आणि तेवढाच समारंभ गुन्ह्याला पुरेसा मानावा.

हे करता येतं याचा दाखला तमिळनाडूत आहे. तिथे १९६७च्या दुरुस्तीने हिंदू विवाह कायद्यात कलम ७-अ आलं आणि हार, अंगठी किंवा ताली (तिकडचं मंगळसूत्र) यांवर, पुरोहिताशिवाय होणारी स्वाभिमान विवाहाची पद्धत वैध झाली. २००१ मध्ये नागलिंगम प्रकरणात सप्तपदी झाली नव्हती हे स्पष्ट असताना, केवळ या कलमामुळे सर्वोच्च न्यायालयाने नवऱ्याला द्विविवाहात दोषी ठरवणारा निकाल कायम केला. तेच हिंदू, तोच केंद्रीय कायदा. तमिळनाडूतल्या तिरुत्तणीत जो गुन्हेगार ठरतो, तो कोल्हापुरात सुटतो. आंध्र प्रदेशने १९९२ मध्ये हा गुन्हा दखलपात्र केला, म्हणजे तिथे पुरावा गोळा करायला पोलीस तरी मिळू लागले. महाराष्ट्राने यातलं काहीच केलेलं नाही.

आणि हे कोल्हापुरात घडावं याचं मला जास्त वाईट वाटतं. कुणी कोणत्या मंत्रांनी विधी करायचा, यावरून १८९९ मध्ये इथे पंचगंगेच्या घाटावर वेदोक्ताचं प्रकरण पेटलं आणि राजर्षी शाहू महाराजांनी ते शेवटपर्यंत लढवलं. १९११ मध्ये इथे सत्यशोधक समाज उभा राहिला, पुरोहिताशिवाय लग्नं लागू लागली. १९१९ मध्ये महाराजांनी संस्थानात स्त्रियांना क्रूरपणे वागवण्याविरुद्ध कायदा केला. देशाच्या दंड संहितेत कलम ४९८-अ यायला १९८३ उजाडावं लागलं. ज्या मातीत विधीच्या मक्तेदारीला एवढा विरोध झाला, तिथल्या कोर्टात आज साक्षीदाराला धूर होमाचा की चुलवणाचा हे विचारलं जातं आणि त्याच्या उत्तरावर एका बाईचा न्याय ठरतो.

आज प्रकरण कुठे आहे

पोटगीच्या अर्जात तिला यश आलं. तिथे नवऱ्याने दुसरीशी लग्न केलं असो वा तिला नुसतं ठेवलं असो, पहिलीला वेगळं राहायला ते पुरेसं कारण आहे असं कायदाच म्हणतो, त्यामुळे होमाचा विषय निघालाच नाही. तोच फोटो, तोच जन्मदाखला, तेच रेशनकार्ड त्या न्यायालयाने पुरावा म्हणून धरलं. पोटगी मंजूर झाली, पण वसुलीसाठी वरचेवर वॉरंट काढावं लागतं.

निर्दोष मुक्ततेविरुद्ध अपिलाची परवानगी मागणारा अर्ज उच्च न्यायालयात आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये कोल्हापूरला मुंबई उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं, त्यामुळे तिला आता त्यासाठी मुंबईला जावं लागत नाही. सकाळची धार काढून ती एसटीने येते आणि दुपारच्या गाडीने परत जाते.

अर्जात मुख्य मुद्दा रूढीचा घेतला आहे. त्यांच्या भावकीत पिढ्यान् पिढ्या अक्षता आणि मंगळसूत्र झालं की लग्न पूर्ण मानतात, सप्तपदी कधी होते कधी होत नाही, आणि ती झाली नाही म्हणून कुणाचंच लग्न आजवर मोडीत निघालेलं नाही, हे दाखवणाऱ्या जादा पुराव्याची परवानगी मागितली आहे. भावकीतल्या वयस्कर बायका आणि गावचा गुरव साक्षीला तयार आहेत. ही वाट मला मनापासून पसंत नाही, कारण तिने शास्त्राच्या जागी रूढी येते आणि गुन्ह्याचा निर्णय पुन्हा विधीवरच राहतो. पण आजच्या कायद्यात तिच्यासाठी एवढीच वाट उघडी आहे. द्विविवाहाच्या कलमाला एक स्पष्टीकरण जोडावं, की लग्न म्हणून जाहीर समारंभ झाला असेल तर विधी अपुरे राहिले हा बचाव चालणार नाही, आणि गुन्हा दखलपात्र करावा, असं निवेदन आम्ही काही वकिलांनी मिळून तयार केलं आहे. विवाह आणि फौजदारी कायदा हे दोन्ही विषय समवर्ती सूचीत, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्याही अखत्यारीत, असल्याने राज्य विधिमंडळाला हे करता येतं. जिल्ह्यातल्या आमदारांना ते येत्या अधिवेशनाआधी देणार आहोत.